व्याख्यान नको, नकाशा द्या

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका संस्थेत शहररचनेवर दिवसभराचा कार्यक्रम होता. प्रत्यक्ष काम करणारे शहररचनाकार येणार आणि विद्यार्थ्यांसमोर आपलं काम मांडणार, असं पत्रकात लिहिलं होतं. मी समाजशास्त्रात एम.ए. करते. शहररचना माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. तरी गोंदियाहून सकाळची गाडी पकडून गेले. मी नागऱ्यात राहते, आणि नागऱ्यात सध्या जे चाललंय त्याबद्दल तिथे कुणीतरी दोन शब्द सांगेल अशी आशा होती.

पाहुण्यांनी बार्सिलोनाचे चौक दाखवले, कोपनहेगनचे सायकल-रस्ते दाखवले, सिंगापूरची घरं दाखवली. मग त्यांनी स्वतः आखलेल्या एका टाउनशिपची चित्रं दाखवली, त्यात झाडं होती आणि झाडांखाली गोरी माणसं चालत होती. पाहुणे मनापासून बोलत होते, माणूस वाईट नव्हता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले. "सर, गोंदिया शहराला लागून नागरा गाव आहे. तिथे धानाच्या बांध्यांवर प्लॉट पडतायत. ती जमीन कुठल्या झोनमध्ये येते हे मला कसं कळेल?" ते म्हणाले, "वेबसाइटवर असेल. नाहीतर लोकल ऑफिसमध्ये विचारा." पुढचा प्रश्न इंटर्नशिपबद्दल होता.

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. पण आधीच सांगते, यातला निम्मा आपल्याविरुद्धही आहे. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

नागऱ्यात काय चाललंय

नागरा बाहेरच्यांना माहीत असतं ते तिथल्या प्राचीन शिवमंदिरामुळे. शेजारचं गोंदिया रेल्वे जंक्शनभोवती, राईस मिल आणि बिडीच्या धंद्यावर वाढलेलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,३२,८१३. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, शहर जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेऱ्या आल्या, कॉलेजं वाढली, दवाखाने वाढले. शहर असं फुगतं तेव्हा नगरपरिषदेची हद्द जागच्या जागी राहते आणि माणसं शेजारच्या गावांच्या शिवारात जातात.

आमचंही घर आधी गोंदियातल्या एका मोहल्ल्यात होतं. दोन खोल्या आणि तीन भावांचे संसार. अब्बा सेंट्रिंगचं काम करतात. त्यांनी पंधरा वर्षांची बचत घालून नागऱ्याच्या शिवारात दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या, लाल झेंड्या रोवलेल्या होत्या, विकणाऱ्याच्या छापील कागदावर तीस फुटी रस्ता आणि कोपऱ्यात बगीचा होता. रजिस्ट्री नव्हती, नोटरी केलेला स्टॅम्प पेपर होता. तरी का घेतला, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मोहल्ल्यात जागा उरली नव्हती, आणि चांगल्या कॉलनीत आपलं नाव सांगितलं की भाड्याची खोली नेमकी "कालच गेली" असते.

आज तो तीस फुटी रस्ता काही ठिकाणी बारा फुटांवर आलाय. बगीच्याच्या जागेवर तीन प्लॉट विकले गेले. आमच्या पूर्वेला एक बोडी होती. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, पाऊस धरून ठेवून धानाला पाणी देणारं. भंडारा-गोंदियात अशा बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, इथली धानशेती त्यांच्यावरच उभी राहिली. आमच्या शेजारची बोडी मुरूम टाकून बुजवली आणि तिच्यावरही चुन्याच्या रेषा मारल्या. आता दर पावसाळ्यात पाणी आमच्या ओट्यावर येतं. सातबाऱ्यावर जमीन अजून शेतीची आहे, म्हणून बँक कर्ज देत नाही. नालीसाठी ग्रामपंचायतीत गेलं की विचारतात, ले-आउट मंजूर आहे का?

हे एकट्या आमच्या घराचं गाऱ्हाणं असतं तर लेख लिहिला नसता. अशी वस्ती आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणाभोवती आहे, आणि तिथे कोण राहतं ते जाऊन बघा. राज्यातल्या मुसलमानांपैकी दहांतले सात शहरांत राहतात. एकूण राज्याचा आकडा निम्म्याहून कमी आहे. म्हणजे शेतीचा हमीभाव हा जितका शेतकऱ्याचा प्रश्न, तितकाच शहराचा आराखडा हा आपला प्रश्न. आपल्या किती सभांमध्ये आराखडा हा शब्द ऐकलाय?

बुलडोझर शेवटी येतो

आपल्याकडे शहररचनेची चर्चा बुलडोझर आल्यावर सुरू होते. आणि ती चर्चा एका जागी येऊन थांबते, की अन्याय झाला. झालाच. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीचं घर महापालिकेने पाडलं, कारण दिलं की बांधकामाचा नकाशा मंजूर नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली, पण तोवर घर उरलं नव्हतं. नंतर महापालिका आयुक्तांनी न्यायालयात माफी मागितली, सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आपल्याला माहीत नव्हते असं सांगून.

ते निर्देश १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालातले. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही, किमान १५ दिवसांची नोटीस हवी, सुनावणी हवी, आणि बेकायदा पाडापाडी केली तर अधिकारी जबाबदार. आपण त्या दिवशी पेढे वाटले, स्टेटस ठेवले. पण त्याच निकालात एक अपवाद आहे. बांधकाम रस्त्यावर, फूटपाथवर, रेल्वे लाइनला लागून, नदीपात्रात किंवा जलसाठ्याच्या जागेवर असेल, तर हे संरक्षण लागू नाही.

आता विचार करा. रस्ता कुठला, नाला कुठला, तलाव कुठला, हे कोण ठरवतं? जमिनीवर उभं राहून दिसतं ते नाही, कागदावर असतं ते ठरवतं. नागऱ्यात आज बोडीच्या जागी प्लॉट दिसतोय. उद्या तपासणीत ती जागा जलसाठा निघाली, तर तिथे घर बांधलेल्या माणसाला १५ दिवसांचीही हमी नाही. आणि त्याने ते घर कुणाची जमीन बळकावून बांधलेलं नाही, पैसे मोजून बांधलंय. त्याला कागद वाचून दाखवणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

नकाशा कसा बनतो, आणि आपण कुठे असतो

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. एम.आर.टी.पी. म्हणतात तो हा. शहराची विकास योजना म्हणजे डी.पी. याच कायद्याखाली बनते. क्रम साधा आहे. पहिल्यांदा नगरपरिषद किंवा महापालिका योजना करण्याचा इरादा जाहीर करते. मग आजच्या जमीन-वापराचा नकाशा बनतो, म्हणजे आज कुठे घरं आहेत, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे कब्रस्तान, कुठे पाणी. त्यावरून प्रारूप आराखडा तयार होतो, त्यात पिवळा रंग राहण्याचा, हिरवा शेतीचा, आणि शाळा, बगीचा, रस्ता यांची आरक्षणं. प्रारूप प्रसिद्ध झालं की मोजक्या दिवसांची मुदत असते, त्यात कुणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. नियोजन समिती सुनावणी घेते. शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. आणि मग हा कागद साधारण वीस वर्षं चालतो.

यात दोन जागा अशा आहेत जिथे आपण असायला हवं आणि नसतो. पहिली, जमीन-वापराचा नकाशा. तिथे तुमची वस्ती मोकळी जागा म्हणून दाखवली गेली, तर पुढचं सगळं त्या चुकीवर उभं राहतं. दुसरी, हरकतींची मुदत. ती निघून गेली की पुढची वीस वर्षं मोर्चे काढायचे.

काही ठिकाणी लोक या दोन्ही जागी होते. मुंबईचा २०१४ ते २०३४ चा आराखडा बनत होता तेव्हा 'हमारा शहर' नावाच्या मोहिमेने, त्यात कितीतरी संघटना आणि अभ्यासक होते, जमीन-वापराचे नकाशे वस्त्यांमध्ये नेले. लोकांनी आपली गल्ली शोधली आणि चुका मांडल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं, साठ दिवसांची मुदत होती, त्यात साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना ते प्रारूप बाजूला ठेवून नव्याने करा म्हणावं लागलं. पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या, प्रकरण इतकं लांबलं की २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हातात घेतला. सगळं मनासारखं झालं का? नाही झालं. पण निदान सरकारला थांबून फाइल उघडावी लागली.

घरी आपण "हरकत में बरकत" ऐकत वाढतो. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठी दफ्तरात हरकत म्हणजे आक्षेप. अर्ज, तहसील, नकाशा, दफ्तर, दाखला, हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठी कचेरीत आले. ज्या कचेरीची भाषा निम्मी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची आहे, तिच्या दारात आपलेच पाय का थरथरतात, हा प्रश्न मला पडतो.

विद्यापीठाचा धडा गल्लीतून सुरू झाला होता

आता शहररचनाकारांकडे आणि विद्यापीठांकडे वळते.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे, आणि ते शहररचनाकार होते. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हे कुणी शिकवलं नाही, माझं मलाच वाचताना सापडलं. गेडिस त्याआधी चार-पाच वर्षं हिंदुस्थानातली शहरं पायी हिंडले होते. त्यांच्याआधीची रीत कशी होती? १८९६ चा प्लेग आला, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून सरळ रस्ते काढायला सुरुवात झाली. गेडिस म्हणत होते, आधी रोग ओळखा, मग चाकू हातात घ्या. अख्खा मोहल्ला पाडण्यापेक्षा दोन-चार पडकी घरं काढा, आड आणि झाडं वाचवा, हवा येऊ द्या. इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि ती सगळ्यांत स्वच्छ झालेल्या गल्ल्यांमधून जाईल असं जाहीर केलं. लोकांनी शहर झाडून काढलं. असा माणूस विद्यापीठात शिकवायला आला तो या कामाचं गाठोडं घेऊन. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी, पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले.

गेडिसही इंग्रजी अमलात काम करत होते, त्यांना डोक्यावर घ्यायची गरज नाही. पण शंभर वर्षांपूर्वी या राज्यात शहररचना आणि समाजशास्त्र एका खोलीत शिकवलं जात होतं. आज शहररचना आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगच्या इमारतीत आहे, आणि समाजशास्त्रवाली मुलगी तिथे गेली की तिला वेबसाइट बघायला सांगतात.

जवळचं उदाहरण घ्या. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिच्या आसपास एम-पूर्व वॉर्ड पसरलाय: गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प, देवनारचं डम्पिंग ग्राउंड. आपल्यातल्या कित्येकांचे नातेवाईक तिथे आहेत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड सगळ्यांत तळाला होता. संस्थेने २०११ च्या सुमारास 'ट्रान्सफॉर्मिंग एम वॉर्ड' नावाने काम सुरू केलं आणि विद्यार्थी आपल्याच फाटकाबाहेर सर्व्हे करायला गेले. तिथल्याच नटवर पारेख, लल्लूभाई आणि पी.एम.जी. या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आय.आय.टी. मुंबईबरोबर अभ्यास केला. इमारती इतक्या जवळ बांधल्यात की खालच्या मजल्यांवर ऊन आणि हवा पोचत नाही, आणि क्षयरोग तिथे ठाण मांडून बसतो, हे २०१८ मध्ये समोर आलं. नकाशावर दोन इमारतींमधलं अंतर कमी केल्यामुळे माणसं आजारी पडतात, हा धडा सिंगापूरच्या फोटोंतून मिळाला नसता.

त्याच नटवर पारेख वसाहतीत 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी'चे वास्तुरचनाकार वर्षानुवर्षं रहिवाशांबरोबर बसून मोकळ्या जागा सुधारतायत. 'किताब महल' नावाची वाचायची जागा तिथे झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडीच्या पोरापोरींनी गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरवला. काम वाटून घेणं मी याला म्हणते. इथे शिकणारा आणि शिकवणारा दोघंही त्याच गल्लीत उभे होते.

तीन सबबी

पहिली सबब: शहररचनाकार आहेतच किती, ते गोंदियाला कुठून येणार? खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशभरातल्या राज्यांच्या नगररचना खात्यांना बारा हजारांहून अधिक पदं हवीत, मंजूर आहेत चार हजारांच्या आत, आणि त्यातलीही निम्म्याच्या आसपास रिकामी. त्याच अहवालात आहे की कायद्याने शहर म्हणून घोषित झालेल्या ठिकाणांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी मास्टर प्लॅनच नाही. म्हणूनच तर म्हणते, जे मोजके आहेत त्यांनी आपला वेळ आधीच नकाशे वाचता येणाऱ्यांसमोर खर्च करू नये. पुण्या-मुंबईतल्या आर्किटेक्चरच्या मुलांना दहावं व्याख्यान मिळण्याआधी गोंदियाच्या बी.ए.च्या मुलांना पहिलं मिळू द्या.

दुसरी सबब: आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना हे तांत्रिक कळणार नाही. माझे अब्बा सातवीपर्यंत शिकलेत. ते ड्रॉइंग बघून सळईची जागा सांगतात, कॉलम अर्ध्या इंचाने चुकला तर लांबून ओळखतात. आपल्या मोहल्ल्यांत सेंट्रिंगवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फॅब्रिकेशनवाले घरटी सापडतात. नकाशा वाचणारी इतकी माणसं फार कमी समाजांत असतील. त्यांना फक्त इमारतीचा नकाशा दाखवला जातो, शहराचा कुणी दाखवत नाही.

तिसरी सबब आपली आहे आणि ती सगळ्यांत गंभीर आहे. मोहल्ल्यातले मोठे म्हणतात, "बेटा, उगाच कागद काढू नकोस. आपलंच बांधकाम उघडं पडेल." या भीतीला मी हसत नाही. आमच्या घराचाही कागद कच्चा आहे, आणि हा लेख छापून आल्यावर अम्मी मला काय म्हणणार हे मला माहीत आहे. पण लपून राहण्याचे दिवस गेले. गावठाणांची मोजणी आता ड्रोनने होते, कोणत्या वर्षी कुठे छप्पर आलं हे उपग्रहाच्या फोटोत दिसतं. तुमचं घर सरकारला दिसतंय, फक्त सरकारचा कागद तुम्हाला दिसत नाही. गुंठेवारी नियमित करायचा २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत त्याची कक्षा वाढवली. पण तो आपल्या जागेला लागू होतो का, जागा आरक्षणात तर नाही ना, हे नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही. एकट्याने कागद काढायची भीती वाटते हे मान्य. म्हणून चाळीस घरांनी मिळून काढा.

आपला हिशोब

आता आपल्याबद्दल.

दरवर्षी आपल्याकडे गुणवंतांचे सत्कार होतात. मी चार सत्कारांत बसलेय. करिअर मार्गदर्शनात नीट असतं, यू.पी.एस.सी. असतं, बी.फार्म. असतं. पुण्याच्या सी.ओ.ई.पी.मध्ये बारावीनंतर बी.प्लॅन. नावाची पदवी आहे, आपलं शहर आखायचं शिक्षण मिळतं, हे एकाही पाहुण्याने सांगितलं नाही. नगरपरिषदेत आपले नगरसेवक निवडून येतात. त्यांना आपण नालीवरच्या जाळीबद्दल विचारतो, आराखड्याबद्दल विचारत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना सोपवता येतील अशा कामांची यादी दिली, तिच्यात पहिलंच काम शहर नियोजन आहे.

आणि निवेदनं! कलेक्टर साहेबांना निवेदन देताना दहा जणांचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात. निवेदन द्या, माझी ना नाही. पण निवेदनावर सुनावणी घ्यायचं बंधन कुणावर नाही. मुदतीत दिलेल्या हरकतीवर सुनावणी मागता येते, आणि ती कायद्याने द्यावी लागते. आपण फोटो निघतो ते करतो आणि सुनावणी मिळते ते सोडून देतो.

कुणी म्हणेल, म्हणजे आता मुसलमानांसाठी वेगळा नकाशा मागायचा का? नागऱ्यात या आणि बघा. बुजवलेल्या बोडीचं पाणी आमच्या ओट्यावर येतं तसंच शेजारच्या पोवार काकांच्या आणि मागच्या ढिवर कुटुंबाच्या घरातही येतं. नालीची हरकत लिहिली तर तिच्यावर तिघांच्याही सह्या असतील. आपण पुढाकार घेतला तर ते आपल्यापुरतं कसं होईल?

काय हवंय

शहररचनाकारांना माझी विनंती थोडी आहे. आमच्या कॉलेजात या. येताना आमच्या शहराचा नकाशा आणा, मोठा कागदावरचा, मराठीत. सकाळी दोन तास आमच्याबरोबर चाला, दुपारी तो नकाशा टेबलावर पसरा आणि सकाळी पाहिलेलं त्यावर शोधायला लावा. तुमचं काम दाखवताना तयार चित्रांबरोबर हरकतींचा गठ्ठाही दाखवा. कुठली हरकत मान्य झाली, कुठली फेटाळली, कुठला रस्ता तुम्ही चुकीचा आखला होता आणि कुणी तो पकडला. जाताना नकाशा आमच्या ग्रंथालयात ठेवून जा.

कॉलेजांना नवं काही उभारायचं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी एखाद्या गावात असतं. आम्ही तिथे रस्ता झाडतो, पथनाट्य करतो आणि परत येतो. त्याच सात दिवसांत चाळीस मुलं गावाचा जमीन-वापराचा नकाशा करू शकतात. घरं, विहिरी, बोड्या, पांदण रस्ते, शाळा, स्मशान, कब्रस्तान सगळं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजकार्याला श्रेयांक आहेत. शिबिराचा अहवाल कपाटात ठेवण्याऐवजी ग्रामसभेत ठेवा. 'आमचा गाव, आमचा विकास' म्हणून ग्रामपंचायत दरवर्षी आराखडा करते, तो करताना हा कागद टेबलावर असू द्या.

आणि तुम्ही, हे वाचणारे. विदर्भातले असाल तर आपल्या गावाचं निस्तार पत्रक मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी ही खास तरतूद आहे. गावातली मोकळी सरकारी जमीन कशासाठी वापरायची, गुरचरण कुठलं, सार्वजनिक वापराची जागा कुठली, हे त्यात असतं. त्याच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज असतं, त्यात रस्त्याचे, पाण्याचे, मासेमारीचे जुने हक्क नोंदलेले असतात. कब्रस्तानाची भिंत बांधायला वर्गणी काढण्याआधी कब्रस्तान या कागदांत कुठे आणि किती नोंदलंय ते बघा. शहरातले असाल तर नगरपरिषदेत जाऊन विचारा, मंजूर डी.पी. कोणत्या वर्षाचा, सुधारित कधी होणार, माझ्या वॉर्डात आरक्षणं कुठली. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. दोघे-तिघे मिळून जा, एकीने जमीन बघावी, एकाने कागद बघावा.

मी निस्तार पत्रकासाठी अर्ज दिलाय. पहिल्या वेळी "हे काय असतं?" असं मलाच विचारलं गेलं. दुसऱ्या वेळी या म्हणाले. पुढच्या सोमवारी मी परत जाणार आहे, आणि यावेळी अब्बा काम बुडवून बरोबर येणार आहेत. नकाशा मिळाला तर तो मला वाचता येईलच असं नाही, पण अब्बांना येईल.

आणि पुढच्या वेळी तुमच्या कॉलेजात कुणी शहररचनाकार स्लाइड घेऊन आला, तर हात वर करून विचारा: "सर, आमच्या गावाचा नकाशा आणलाय का?" नसेल आणला तर पुढची तारीख मागून घ्या.